सोलापूर दाखवायचं म्हणालीस म्हणून

तू दोन गोष्टी विचारल्यास. मार्चमध्ये म्युनिकला जायचंय, त्याआधी होणाऱ्या जर्मन नवऱ्याला आठ दिवस सोलापूर दाखवायचंय, तर काय काय दाखवू? आणि तिकडे एकटं वाटतं का? मी ऑग्सबुर्गला असते, म्युनिकहून रेल्वेने पाऊण तासावर. माहेर सोलापूरच, नवी पेठेच्या जवळ. तुझ्याहून बरीच मोठी असणार, म्हणून एकेरीतच बोलते. व्हिसा, विमा, घरभाडं यातलं काही सांगत नाही, ते वकिलातीच्या पानावर सगळं आहे. सोलापूर हा शब्द वाचला आणि हात थांबेना, एवढंच.

मी माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा नेलं ते जानेवारी २०१४ मध्ये, गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेला. जाण्याआधी वहीत वेळापत्रक केलं होतं. सोमवार किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव, मंगळवार इंद्रभुवन, ती पालिकेची जुनी इमारत, असं. हसू नकोस, तूही करशील. किल्ल्यात मी स्वतः शाळेच्या सहलीनंतर कधी गेलेच नव्हते. तटबंदी दाखवत होते आणि मोबाइलवर आधी वाचून ठेवलेलं त्याला सांगत होते. तो मान हलवत होता, फोटो काढत होता. परत येताना रिक्षात त्याने विचारलं, "तू इथे कुठे बसायचीस?"

मला उत्तर येईना. कॉलेज, क्लास, घर. पोरी कुठे बसतात गं आपल्याकडे? शेवटी म्हटलं, गच्चीवर. मग घरी आल्यावर त्याला गच्चीवर नेलं. आईचे सांडगे वाळत होते, टाकीचं झाकण उडू नये म्हणून वर पाटा ठेवलेला. तिथे तो तासभर बसला.

यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला मात्र ने, तारखा जमत असतील तर. बाबांनी त्याला पांढरी बाराबंदी आणून दिली होती, बाह्या आखूड पडल्या. कुंभारकन्येचं सिद्धरामेश्वरांच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्याच, योगदंडाशी लग्न, हे त्याला समजावता समजावता माझीच भंबेरी उडाली. देवळाजवळच्या सम्मती कट्ट्यावर "सत्यम् सत्यम्, नित्यम् नित्यम्" झालं, अक्षता पडल्या, आणि तो म्हणाला, "या नवरीला कागदपत्रं लागली नाहीत?"

हा टोमणा मला होता. आमच्या लग्नाच्या कागदांना अकरा महिने लागले होते. माझ्या जन्माच्या नोंदीत माझं नावच नव्हतं, नुसतं 'स्त्री' आणि वडिलांचं नाव. आपल्या वयाच्या, म्हणजे माझ्या वयाच्या, कितीजणींचं असंच असतं. बारसं बाराव्या दिवशी, नोंद त्याआधी, नंतर परत जातंय कोण? तुझा दाखला आज काढून बघ. नाव असलं तरी एकेक अक्षर पासपोर्टशी लावून बघ. मग 'अविवाहित असल्याचा' दाखला. मग जर्मन वकिलातीकडून कागदांची पडताळणी. त्यासाठी नेमलेला वकील आमच्या गल्लीत येऊन शेजारच्या काकूंना विचारून गेला, हिचं आधी लग्न झालं होतं का. काकू म्हणाल्या, "लग्न नाही ओ, एक स्थळ मोडलं होतं." त्याने कागदावर काय लिहिलं देव जाणे, गल्लीत मात्र ती गोष्ट नव्याने सुरू झाली. आई त्या काकूंशी वर्षभर बोलली नाही. एवढं होऊन जर्मन कागदावर माझ्या नावापुढे वडिलांचं नाव माझं दुसरं पाळण्यातलं नाव म्हणून छापून आलं. आजही दवाखान्याच्या चिठ्ठीवर बाबा माझ्यासोबत असतात. आधी चीड यायची. ते गेल्यापासून दुरुस्तीचा अर्ज तसाच राहिलाय.

असो. सोलापूर.

वेळापत्रक मोडलं ते पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत. चादर घ्यायला म्हणून गेलो होतो. दुकानदाराशी मी घासाघीस करत होते, हा बाहेर फुटपाथवर उभा. मागच्या बोळातून मागांची खडखड येत होती. नवऱ्याची आजी ऑग्सबुर्गच्या एका गिरणीत तीस वर्षं कामाला होती. तेही गिरण्यांचंच गाव. तिथल्या जुन्या लोकरीच्या सूतगिरणीत आता कापडाचं संग्रहालय आहे, आणि पाहुण्यांना माग चालवून दाखवतात. त्याला तो आवाज संग्रहालयातला माहीत. इथे तो भर दुपारी, कामाचा म्हणून चालला होता.

तो सरळ बोळात शिरला. मी मागून, "अरे असं कुणाच्या आत जायचं नसतं" म्हणत. पत्र्याखाली चार माग, हवेत कापसाची भुकटी, भिंतीवर विणकरांच्या मार्कंडेय महामुनींचा फोटो, वर नक्षी ठरवणाऱ्या जकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ एकेक करून खाली येतेय. कामगार साठीचा असेल. त्याने माग थांबवला, याच्याकडे बघितलं आणि काही न विचारता कापडाची किनार याच्या हातात दिली. नवऱ्याने ती अंगठ्याने चोळून बघितली, मग तुटलेल्या एका ताण्याकडे बोट दाखवलं. म्हातारा हसला. तेलुगूत काहीतरी म्हणाला. त्याने चिमटीत दोन टोकं धरून गाठ मारली, सावकाश, याला दिसावी म्हणून. मग पुन्हा सोडून याच्या हातात दिली. याची गाठ तीनदा सुटली.

मी दारात उभी होते. तेलुगू मला येत नाही, मागाचं ओ की ठो कळत नाही. पंचवीस वर्षं त्या शहरात राहिले आणि पूर्व भागात आम्ही फक्त चादर घ्यायला यायचो. आमच्या घरच्यांच्या तोंडी 'तिकडं' असाच शब्द होता. परक्या माणसाला गाव दाखवायला निघाले आणि दुभाषी म्हणूनसुद्धा माझा उपयोग नव्हता. लाज वाटली की हेवा, आजही नीट सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी भैया चौकात सोलापूरच्याच डॉ. कोटणीसांच्या स्मारकात गेलो. धडा आपल्याला शाळेत असतोच: १९३८ चं वैद्यकीय पथक, चीन, सेवा. मी तोच पाठ म्हणून दाखवला. १९४१ मध्ये तिथल्याच ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न, पुढच्या वर्षी मुलगा, नाव यिनहुआ, म्हणजे यिन भारत आणि हुआ चीन. आणि त्याच १९४२ च्या ९ डिसेंबरला डॉक्टर गेले, अवघ्या ३२ व्या वर्षी. नवऱ्याने विचारलं, "मग त्यांनी तिला हे गाव दाखवलं कधी?" कधीच नाही. इतकी वर्षं मार्कांसाठी पाठ केलं, बायकोच्या बाजूने मी एकदाही विचार केला नव्हता.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. नोव्हेंबरात जास्त, कारण साडेचारला अंधार. व्हिटॅमिन डी घे, कुठल्यातरी क्लबात नाव घाल. संपलं.

संपलं नाही म्हणा, पण त्याला मी एकटेपणा म्हणत नाही. गेल्या वर्षीचं सांगते. आमच्या बव्हेरिया राज्यात कुणी कुठल्या प्रकारच्या शाळेत जायचं ही वाटणी चौथीतच होते, तू राहणार आहेस तिथेही हाच नियम. १ हा सगळ्यात चांगला गुण. मे महिन्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तिन्हींची सरासरी २.३३ पर्यंत आली तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत आली तर रेआलशूल, म्हणजे मधली, दहावीपर्यंतची. माझ्या लेकीची २.६६ आली. म्हणजे तिन्हींपैकी एका विषयात एक पायरी कमी पडली. बाई मला बसवून गोड आवाजात म्हणाल्या, "घरी भाषा जरा जास्तच होतात का?"

मी मान डोलावली. खरंच डोलावली. आमच्या मंगळवार बाजारातली भाजीवाली एका दमात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनीत भाव सांगते आणि चौघांनाही पाच रुपयांना फसवते, हे मला जिना उतरल्यावर आठवलं. तीन दिवसांच्या चाचणीला बसवून पुन्हा प्रयत्न करता येत होता. नवरा म्हणाला, राहू दे, मीही रेआलशूलचाच. त्याचं काही अडलं नाही हे खरं. लेकही मजेत आहे, मैत्रिणी मिळाल्यात. फक्त मीच अजून रात्री ते तीन आकडे मांडून बसते. आणि चाचणीपेक्षा जास्त सलतं ते हे की त्यानंतर दोन महिने मी घरात तिच्याशी जर्मनच बोलत होते. फोनवर आईने "पोरगी मराठी विसरली की गं" म्हटलं तेव्हा कुठे थांबले.

तेव्हा पोरं होतील तेव्हा होतील, पण बाईंना द्यायचं उत्तर आत्ताच तयार ठेव.

खायचं काय ते तुला सांगायला नको. कडक भाकरी तो पापड समजून नुसतीच खाईल, खाऊ दे. शेंगाची चटणी न्यायची तर बॅगेत घाल, हातातल्या सामानात नको. मी एकदा सुरक्षा तपासणीत डबा उघडून दाखवला आणि रांगेतले सगळे शिंकले. चादर एकच घे, वजन फार होतं. आणि काही करून एखादा चालता माग दाखव. ओळख काढून, विचारून जा, आमच्यासारखी घुसू नकोस.

अजून एक. नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार ते आईला विचारून ठेव आणि त्या दिवशी बाहेरचं काहीही ठरवू नकोस. आमच्याकडे पहाटे चारला आलं होतं. बाबा दारावर थाप मारून "जावईबापू, पाणी!" म्हणाले, त्याला मराठीतला तेवढाच शब्द येत होता, तो चड्डीवरच धावत आला. पिंप, हंडे, बादल्या, कुकरसुद्धा भरला. मी झोपूनच होते. आईने येऊन पांघरूण ओढलं आणि म्हणाली, "ऊठ की, तू काय पाव्हणी हायस?"