पट्टी उलटी करून वाचा

दिवाळी उलटली, पहाटेचा गारठा वाढला, साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की आमच्या दुकानातली मागणी आठवडाभरात बदलते. गेली ३१ वर्षं मी सातारा जिल्ह्यात एस.टी. स्टँडसमोर मेडिकल चालवते आणि फार्मासिस्ट म्हणून स्वतः काउंटरवर उभी असते. या महिन्यात आलेली निम्म्याहून अधिक पत्रं सर्दी, खोकला आणि घशाचीच आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत.

माझं वय ५८. बीपी आणि शुगर, दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. सर्दी झाली की मेडिकलवाले एक सर्दीची, एक तापाची मोठी आणि एक अंगदुखीची अशा तीन गोळ्या देतात. उतार पडतो, पण छातीत धडधडतं. तिन्ही घ्यायलाच हव्यात का? – एक वाचक, लातूर

ताई, धडधडतं हे लिहिलंत ते फार बरं केलंत. ते आधी तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला आणि बीपी मोजून घ्या. मग घरातल्या त्या तिन्ही पट्ट्या घ्या, उलट्या करा आणि चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचा. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. औषध कोणतं, ते मागे लिहिलेलं असतं.

सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत तीच तीन औषधं असतात. ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल, वाहतं नाक थांबवायला क्लोरफेनिरामाइन किंवा सेट्रिझिन, आणि चोंदलेलं नाक मोकळं व्हावं म्हणून फिनाइलेफ्रिन. हे तिसरं औषध रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे बीपी असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीनं सगळा पुरावा तपासून एकमतानं सांगितलं, की पोटातून घेतलेल्या फिनाइलेफ्रिननं चोंदलेलं नाक मोकळं होत नाही. म्हणजे तुमच्या वाट्याला धोका येतो आणि गुण येत नाही. मी हे वाचलं तेव्हा इतकी वर्षं आपण काय देत आलो याचा मला खूप त्रास झाला.

आता पॅरासिटामॉलची बेरीज करू. सर्दीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम, दिवसाला तीन गोळ्या, म्हणजे १५००. तापाची मोठी गोळी ६५० ची, तीनदा, म्हणजे १९५०. अंगदुखीच्या गोळीत बहुधा आयब्युप्रोफेनबरोबर ३२५ पॅरासिटामॉल असतं, दोनदा घेतली तर ६५०. एकूण झाले ४१००. धडधाकट मोठ्या माणसासाठी २४ तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल, तर मर्यादा आणखी खाली येते. तीन दुखण्यांवर तीन औषधं घेतली असं तुम्हाला वाटतं, पण पोटात एकच औषध तीन वाटांनी गेलेलं असतं. त्यात आयब्युप्रोफेन हे बीपी आणि मूत्रपिंड या दोन्हींना जाचणारं. ते तर तुम्ही विचारल्याशिवाय घेऊच नका.

माझं म्हणणं एवढंच, की ज्या तक्रारीनं हैराण झालात तिच्यापुरतं एका घटकाचं औषध मागा. कणकण, अंग मोडून आलं असेल तर साधं पॅरासिटामॉल. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, ते नाकात दिवसातून चार-पाच वेळा टाकले तरी चालतात. नाक नुसतं गळत असेल तर रात्री सेट्रिझिनची एक गोळी. खोकल्याचं औषध घेतलंत तर ‘शुगर फ्री’ मागून घ्या. आणि सितोपलादी चूर्ण आयुर्वेदिक म्हणून शुगरला चालतं, असं समजू नका. मूळ पाठात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २ आणि दालचिनी १ असं प्रमाण आहे. निम्म्याहून जास्त साखर, वर मधातून चाटण.

क्लोरफेनिरामाइनबद्दल एक गोष्ट सांगायची राहू नये. दुकान सुरू केल्यावर तिसऱ्या वर्षी मी मागच्या गल्लीतल्या एका आजोबांना सर्दीची गोळी दिली. त्या रात्री त्यांची लघवी तुंबली आणि दवाखान्यात नळी घालावी लागली. प्रोस्टेटचा त्रास त्यांना आधीपासून होता, मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून पन्नाशीपुढच्या प्रत्येक पुरुषाला मी आधी हा प्रश्न विचारते. चारचौघांत विचारलं की ते संकोचतात, म्हणून काउंटरच्या कडेला बोलावून विचारते. काचबिंदू असलेल्यांनीही ही गोळी परस्पर घेऊ नये. तुमच्या घरात असे कुणी असतील तर त्यांना हे सांगा.

मुलगी १४ महिन्यांची आहे. चार दिवस सर्दी-खोकला आहे. छिंदवाड्याची बातमी ऐकल्यापासून औषध द्यायची भीती वाटते. मोठ्याच्या वेळचं सिरप फ्रिजमध्ये शिल्लक आहे. सासूबाई म्हणतात, कापूर-खोबरेल लाव आणि मध चाटव. काय करू? – एक आई, पंढरपूर

बाळा, फ्रिजमधलं सिरप आजच टाकून दे. भावासाठी दिलेलं औषध बहिणीला चालत नाही आणि एकदा उघडलेली बाटली अशी ठेवायची नसते.

तुझी भीती खोटी नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या एका सिरपमुळे वीसहून अधिक लेकरं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. सिरप पातळ आणि एकजीव राहावं म्हणून त्यात ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. तो माल भेसळीचा असेल किंवा तपासल्याशिवाय वापरला, तर त्यातून हे विषारी औद्योगिक रसायन औषधात शिरतं. मर्यादा आहे ०.१ टक्का, तपासणीत सापडलं ४८ टक्क्यांहून जास्त. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून हेच रसायन गेलं आणि १४ रुग्ण दगावले, तेव्हा मी शिकत होते. आमच्या सरांनी वर्गात फळ्यावर ते नाव लिहून ठेवलं आणि आठवडाभर पुसू दिलं नाही. ही भेसळ डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. मी दुकानात बाटली उजेडात धरून पाहिली तरी मला कळणार नाही. आईच्या हातात एकच गोष्ट आहे. ज्या लेकराला सिरपची गरज नाही, त्याला ते द्यायचंच नाही.

आणि तुझ्या मुलीला गरज नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं, की २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहूनही देऊ नयेत आणि दुकानातूनही देऊ नयेत. ५ वर्षांखालीही ती सहसा नकोतच. त्याआधी, डिसेंबर २०२३ मध्ये, क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण ४ वर्षांखालच्या मुलांना वापरू नये, असा इशारा लेबलवर छापायला लावला होता. माझ्याकडे कुणी तान्ह्या बाळासाठी सिरप मागायला आलं की मी नाही म्हणते. काही रागावून पुढच्या दुकानात जातात. जाऊ देत.

मग द्यायचं काय? अंगावरचं दूध, पेज, वरणाचं पाणी, थोडं थोडं पण सारखं. पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी नाकात मिठाच्या पाण्याचे दोन-दोन थेंब. मधाबाबत सासूबाईंचं बरोबर आहे, कारण मुलीला वर्ष पूर्ण झालंय. रात्री अर्धा चमचा चाटव. वर्षाखालच्या बाळाला मात्र एक बोटही देऊ नये, त्यात बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषानं बाळाचं अंग लुळं पडण्याचा, धोका असतो. कापूर मात्र नको. दोन वर्षांखालच्या मुलांच्या अंगाला, नाकाला कापूर किंवा कापराचा बाम लावायचा नाही आणि चुकून पोटात गेला तर झटके येऊ शकतात. नुसतं कोमट खोबरेल त्यांनी छातीला, पाठीला हलक्या हातानं चोळावं. आजीचा हात लागला की मूल निजतं, तो भाग खराच आहे. उकळत्या पाण्याच्या पातेल्याजवळ मात्र तिला नेऊ नका. वाफ घेताना भाजलेल्या मुलांसाठी मलम मागायला आलेले आईबाप मी पाहिले आहेत.

ताप आला तर पॅरासिटामॉल, पण वजनावर: किलोला १० ते १५ मिलिग्रॅम आणि दोन डोसांत किमान ४ ते ६ तास. इथं नीट लक्ष दे. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं, तर साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५. कडक सिरप ५ मिलिलिटरला २५० चं. ड्रॉप्सची बाटली घरी नेऊन कुणी सिरप समजून चमचाभर पाजलं, तर चौपट औषध जातं. त्यामुळे बाटलीबरोबर आलेलं मापच वापर, स्वयंपाकघरातला चमचा नको.

आणि ती शांत असताना झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोज. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त, तर दवाखाना गाठायचा. फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, अंगावर पीत नसेल, पेंगुळलेली वाटत असेल, तर मोजत बसू नकोस, लगेच नीघ.

मी एस.टी.वर ड्रायव्हर आहे. खोकल्याचं कोणतं सिरप घेतलं तर झोप येणार नाही? – सोलापूर विभाग

दादा, मागच्या घटकांत क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन किंवा कोडीन लिहिलेलं काहीही ड्यूटीच्या दिवशी नको. आदल्या रात्रीचीही गुंगी सकाळी उरते. सेट्रिझिननंही काहींना झोप येते. कफ सुटत नसेल तर नुसतं अँब्रॉक्सॉल किंवा ग्वायफेनेसिन असलेलं मागा. मेडिकलमध्ये पहिलं वाक्य ‘मी गाडी चालवतो’ असंच बोला.

आणि ‘मागच्या वेळचीच लाल बाटली द्या’ असं म्हणू नका. एकाच नावाखाली तीन-चार सिरपं येतात, फरक शेवटच्या अक्षरांत असतो. ‘डीएक्स’ म्हणजे बहुधा डेक्स्ट्रोमेथॉर्फन, कोरडा खोकला दाबणारं. ‘एलएस’ म्हणजे लेव्होसाल्ब्युटामॉल, श्वासनळ्या मोकळ्या करणारं. त्यानं हात थरथरतात, छाती धडधडते. छातीत कफ घरघरत असताना दाबणारं औषध घेतलं तर कफ आतच बसतो. अडुळशाचा काढा घेत असाल तर घ्या, गुंगी नाही. आजचं ब्रोमहेक्सिन हे अडुळशातल्याच द्रव्यावरून बेतलेलं आहे, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगते.

तीन महिने रात्री नाकात थेंब टाकल्याशिवाय झोप लागत नाही. – एक विद्यार्थी, पुणे

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब असणार. ते पाच दिवसांपुढे वापरायचे नसतात. पुढे औषध उतरलं की नाक आणखी चोंदतं आणि थेंबच दुखणं होऊन बसतात. आधी एका नाकपुडीतले बंद कर, ती मोकळी राहायला लागली की दुसरीतले. तोवर मिठाच्या पाण्याचे थेंब. दोन आठवड्यांत जमलं नाही तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जा, त्यांच्याकडे याला उपाय आहे.

मी शिक्षिका आहे. वर्षातून चार वेळा घसा धरतो. तीन गोळ्यांची अँटिबायोटिकची पट्टी घेतली की बरं वाटतं. पण आता मेडिकलवाले चिठ्ठी मागतात. – रत्नागिरी

ते योग्य करताहेत, मॅडम. त्या पट्टीवर उभी लाल रेघ असते, तिचा अर्थच चिठ्ठीशिवाय विक्री नाही. घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिकचा विषाणूंवर परिणाम नसतो. घसा तीन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात, आपला आपणच उतरतो. गोळ्याही नेमक्या त्याच दिवसांत संपतात, म्हणून श्रेय त्यांना जातं.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून तीन-चार वेळा गुळण्या, गिळताना दुखत असेल तर पॅरासिटामॉल, चघळायच्या गोळ्या, आणि दोन दिवस फळा-खडूवर भागवून आवाजाला सुट्टी. जेष्ठमध चघळायला हरकत नाही, पण बीपी असेल तर रोज नको. त्यानं पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं.

तुमच्या वर्गातल्या मुलांसाठी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. पाच ते पंधरा वयाच्या मुलाचा घसा एकाएकी दुखायला लागला, जोराचा ताप आहे, सर्दी-खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी आहेत, तर ती जिवाणूंची लागण असू शकते. तिथे अँटिबायोटिक हवंच, डॉक्टरांनी ठरवलेलं आणि पूर्ण मुदतीचं. अर्धवट सोडलं तर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. अशा झडपेवर पुढे शस्त्रक्रिया करावी लागलेली एक मुलगी अजून माझ्याकडून औषधं नेते.

चार महिने कोरडा खोकला. सहा बाटल्या संपल्या. एक्स-रे आणि थुंकीची तपासणी स्वच्छ आहे. वय ६३, बीपी सोडून काही नाही. – नगर जिल्हा

थुंकी तपासलीत हे उत्तम. दोन आठवड्यांहून जास्त खोकला टिकला तर आपल्याकडे क्षयाची तपासणी आधी व्हायला हवी आणि ती सरकारी केंद्रात मोफत होते.

आता तुमची बीपीची पट्टी उलटी करा. मागे रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, असं ‘प्रिल’वर संपणारं नाव आहे का? या गोळ्यांनी काही जणांना असाच घशात खवखवणारा, रात्रीही न थांबणारा कोरडा ठसका लागतो. गोळी सुरू केल्यावर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी लागतो, म्हणून कुणी दोहोंचा संबंध जोडत नाही. माझ्या आईला आठ महिने होता. मी रोज तिच्या बीपीची गोळी स्वतःच्या हातानं देत होते आणि रात्री खोकल्याचं औषधही मीच पाजत होते.

गोळी परस्पर बंद करू नका, बीपी उसळेल. पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि चार महिन्यांचा खोकला सांगा. ते टेल्मिसार्टनसारखी दुसऱ्या गटातली गोळी देऊ शकतील. बदलल्यावर खोकला लगेच थांबत नाही, एक ते चार आठवडे जातात, कधी जास्तही. आईचा अठराव्या दिवशी थांबला. तोवर सातवी बाटली घेऊ नका.