‘लेफ्ट मेन’मध्ये अडथळा : स्टेंट की बायपास?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६४ असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. चालताना छातीत दडपण येऊ लागल्याने अँजिओग्राफी केली, तेव्हा ‘लेफ्ट मेन’ धमनीत, जिथे तिला दोन फांद्या फुटतात तिथेच, ७० टक्के अडथळा आढळला. उजव्या धमनीतही ब्लॉक आहे. एक डॉक्टर स्टेंट (धमनी खुली ठेवणारी बारीक जाळीदार नळी) बसवता येईल म्हणतात, दुसरे बायपासचा आग्रह धरतात. छाती उघडण्याची घरात सर्वांनाच धास्ती वाटते. काय करावे?

उत्तर : हृदयाच्या डाव्या बाजूच्या स्नायूंचा बहुतांश रक्तपुरवठा या एकाच धमनीतून होत असल्याने तिच्यातला ५० टक्क्यांचा अडथळाही गंभीर मानला जातो. औषधे हवीतच, पण केवळ त्यांच्यावर विसंबून राहणे आपल्या वडिलांसाठी पुरेसे नाही.

२०२१ मध्ये चार मोठ्या चाचण्यांतील ४३९४ ‘लेफ्ट मेन’ रुग्णांची माहिती एकत्र अभ्यासली गेली. पाच वर्षांत स्टेंटच्या गटात ११.२ टक्के, तर बायपासच्या गटात १०.२ टक्के मृत्यू झाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. मात्र पुढे आपसूक येणारा हृदयविकाराचा झटका स्टेंटनंतर ६.२ टक्के आणि बायपासनंतर २.६ टक्के रुग्णांत दिसला, आणि पुन्हा अँजिओप्लास्टी किंवा बायपास करावी लागण्याचे प्रमाण अनुक्रमे १८.३ आणि १०.७ टक्के होते. उलट, पहिल्या वर्षातला पक्षाघाताचा धोका स्टेंटच्या गटात कमी होता, आणि बायपासनंतर सावरायलाही अधिक काळ लागतो. हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती म्हणजे या चाचण्यांत गुंतागुंतीचे अडथळे असलेले रुग्ण तुलनेने कमी होते.

म्हणूनच ‘सिंटॅक्स स्कोअर’ विचारून घ्या. अडथळे किती गुंतागुंतीचे आहेत हे सांगणारा, अँजिओग्राफीच्या चित्रांवरून काढलेला हा गुणांक २२ पर्यंत असेल तर स्टेंट हा चांगला पर्याय ठरतो; ३३ किंवा अधिक असेल तर शस्त्रक्रियेस योग्य असलेल्या रुग्णाने बायपासच करावी. आपल्या वडिलांच्या बाबतीत मधुमेह, फाट्यावरचा अडथळा आणि उजव्या धमनीतला ब्लॉक या तिन्ही गोष्टी बायपासकडे झुकतात, असे माझे स्पष्ट मत आहे. बायपासमध्ये छातीच्या आतली धमनी वापरून केलेला जोड बहुतेक रुग्णांत दहा वर्षांनंतरही खुला राहतो. फुप्फुसे किंवा मूत्रपिंडे फार कमकुवत असतील, अथवा पूर्वी पक्षाघात झाला असेल, तर मात्र हे मत बदलू शकते.

स्टेंटचाच निर्णय झाला, तर धमनीच्या आतून सोनोग्राफी करून स्टेंट नीट बसल्याची खात्री केली जाईल का आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या किती महिने घ्याव्या लागतील, हे आधीच विचारा. हृदयरोगतज्ज्ञ आणि हृदयशल्यविशारद या दोघांनी तीच चित्रे एकत्र बसून पाहावीत, असा आग्रह धरा. वडिलांची प्रकृती स्थिर असल्यास त्यासाठी एक-दोन दिवस थांबता येते. परंतु विश्रांती घेत असतानाही छातीत दुखू लागले, दम लागला किंवा घाम सुटला, तर सल्लामसलतीची वाट न पाहता त्यांना ताबडतोब रुग्णालयात न्यावे.