औषधांवरची लेबलं : छपाई टिकली तरच नाव टिकतं

प्रश्न : आयसीयूत सिरिंज पंपावरच्या (ठरावीक वेगाने सतत औषध सोडणाऱ्या यंत्रावरच्या) सिरिंजना आम्ही थर्मल प्रिंटरची लेबलं लावतो. स्पिरिटचा बोळा लागला की लेबल काळवंडतं, औषधाचं नाव वाचता येत नाही. प्रिंटर बदलावा का? (इन-चार्ज सिस्टर, सांगली)

आधी कागद तपासा. लेबलावर नखाने जोरात घासा. काळी रेघ उठली, तर ते ‘डायरेक्ट थर्मल’ आहे. यात शाई नसतेच. कागदावरच्या थरात रंगहीन रंगद्रव्य आणि त्याला रंग आणणारं रसायन शेजारी शेजारी असतं. प्रिंटरच्या हेडची, म्हणजे छापणाऱ्या तापत्या भागाची, उष्णता लागली की ती वितळून एकत्र येतात आणि अक्षर उमटतं. स्पिरिट ती दोन्ही विरघळवून उष्णतेशिवायच एकत्र आणतं, म्हणून सगळंच लेबल काळं होतं.

दिवसभरात टाकून द्यायच्या सिरिंजसाठी संरक्षक थर असलेलं डायरेक्ट थर्मल लेबल बहुधा पुरतं. जास्त दिवस राहणाऱ्या किंवा सतत पुसल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी रिबनची छपाई हवी, म्हणजे ‘थर्मल ट्रान्स्फर’. यात शाईचा थर असलेल्या फितीवरून (रिबनवरून) हेडच्या उष्णतेने शाई लेबलावर उतरते. तिथेही मेणाची रिबन स्पिरिटपुढे टिकत नाही. रेझिनची रिबन आणि प्लॅस्टिक फिल्मचं लेबल अशी जोडी घ्या. तुमच्या प्रिंटरमध्ये रिबन बसवायची जागा असेल, तर नवा घ्यायची गरज नाही. पुरवठादाराकडून नमुने मागवा आणि तुमच्याच वॉर्डातल्या स्पिरिटने, सॅनिटायझरने पुसून बघा. माहितीपत्रकावर विसंबू नका.

एक गोष्ट मात्र आजपासूनच करा. लेबल वाचता येत नसेल, तर आठवणीने नाव लिहून ती सिरिंज चालू ठेवू नका. नॉरॲड्रेनॅलिनसारखं रक्तदाब टिकवणारं औषध अचानक थांबवणंही धोक्याचं असतं. म्हणून नवी सिरिंज भरून, लेबल लावून तयार ठेवा, मग अदलाबदल करा आणि जुनी टाकून द्या.

आणि वापरलेली रिबन उघड्या कचऱ्यात नको. छापलेलं रुग्णाचं प्रत्येक नाव तिच्यावर कोरल्यासारखं वाचता येतं. ती फाडून, बारीक करूनच टाका.

प्रश्न : छोट्या व्हायलवरचा (औषधाच्या बाटलीवरचा) बारकोड स्कॅनर वाचत नाही. सपाट खोक्यावर तोच कोड चालतो. (फार्मासिस्ट, नाशिक)

रेघा व्हायलच्या लांबीला समांतर छापल्या असतील, तर काठाकडच्या रेघा गोलाईवर वळून स्कॅनरच्या नजरेआड जातात. कोड नव्वद अंशांत फिरवा. रेघा व्हायलभोवती आडव्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या आल्या पाहिजेत. फारच छोट्या व्हायलसाठी डेटामॅट्रिक्स, म्हणजे रेघांऐवजी ठिपक्यांचा चौकोनी कोड बरा, पण तो वाचणारा स्कॅनर लागतो. २०३ डीपीआयचा (इंचाला २०३ ठिपक्यांचा) प्रिंटर एका मिलिमीटरमध्ये ८ ठिपके देतो, ३०० डीपीआयचा सुमारे १२. बारीक कोडसाठी दुसराच घ्या.

लेबलं सरकतात त्या दिशेने पांढरी रेघ येत असेल, तर हेडवर मळ आहे किंवा तिथला ठिपका जळाला आहे. प्रत्येक नव्या रोलच्या वेळी, प्रिंटर बंद करून, हेड थंड झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत जा. रेघ तरीही राहिली, तर हेड बदला.

प्रश्न : १ ऑगस्ट २०२३पासून ३०० औषध ब्रँडांवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा झाला आहे. मग रुग्णालयाने स्वतःचं लेबल का छापायचं? (रुग्णालय व्यवस्थापक, पुणे)

तो कोड औषधाची ओळख सांगतो : नाव, बॅच, मुदत, उत्पादक. कोणत्या रुग्णाला, किती, किती वाजता हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय आतल्या वेष्टनावर जागा नसेल तर तो बाहेरच्या खोक्यावर असतो. स्ट्रिप कापून वॉर्डात दिली की तो मागेच राहतो. सुट्या गोळीला तुमचंच लेबल हवं, आणि ते रुग्णाच्या मनगटावरच्या पट्ट्याशी स्कॅन करून जुळवायला हवं.

बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलचा २०१०मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच पद्धतीचा आहे. वेळेच्या चुका वगळता औषध देतानाच्या चुका तिथे सुमारे ४१ टक्क्यांनी घटल्या. घटल्या, संपल्या नाहीत. पट्टा हातातून काढून टेबलावर ठेवून स्कॅन करायला लागलात, तर सगळा खर्च वाया गेला असं समजा.

प्रश्न : घरी न्यायच्या औषधांवर मराठीत सूचना छापतो, पण जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. (फार्मासिस्ट, लातूर)

प्रिंटरमधला फाँट अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवतो. मजकूर संगणकावरच जुळवून चित्र म्हणून पाठवा, आणि जाड ठशाचा फाँट निवडा. ‘१/२’ कधीही छापू नका. ती एक-दोन गोळ्या वाटू शकते. ‘अर्धी गोळी’ असं अक्षरांत लिहा.

प्रश्न : वडिलांचा जुना ईसीजी प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये जपला होता, तरी पुसट झाला. असं का? (वाचक, रत्नागिरी)

बहुतेक ईसीजी थर्मल कागदावरच निघतो. पीव्हीसीच्या फाइलमधून झिरपणारी द्रव्यं, चिकटपट्टी, ऊन आणि उकाडा यांनी त्याची अक्षरं उडतात. उरलंय त्याचा आजच चांगल्या उजेडात फोटो काढा, झेरॉक्सही घ्या. पुढचा ईसीजी निघाला की त्याच दिवशी हे करा आणि मूळ प्रत कागदी पाकिटात ठेवा. छातीत दुखू लागलं तर नव्या आलेखात काय बदललं ते डॉक्टर जुन्याशी ताडून बघतात, म्हणून ही प्रत घरात सगळ्यांना सापडेल अशा जागी हवी.