गावातल्या रुळांची यादी करू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यातले सात-आठ जण, महिन्यातून दोन रविवार एसटीनं जाताय, बार्शी लाईट या जुन्या अरुंद रेल्वेच्या सुटलेल्या भरावावरच्या बाभळी तोडताय, थोडे रूळ पुन्हा घालून त्यावर एक डबा उभा करायचाय, आणि गावकरी लांबूनच विचारतात, "कोण तुम्ही, कशाला आलाय?" आमचं २०१२ साल डोळ्यांपुढे आलं.

नोंदणी, बँकेतलं खातं, हिशेब हे सोडून देतो, ते केलंच असेल. तुमचा मुख्य प्रश्न पेपरात बातमी द्यावी का, हा आहे. त्यावर खाली लिहितो. आधी तुम्ही जाता जाता जे लिहिलंय ते: "गावात बऱ्याच घरांत जुने रूळ दिसतात, फोटोसकट यादी करायला घेतली आहे." ती थांबवा. आजच.

आम्ही केली होती. हौसेनंच. बार्शी लाईटचा मूळ रूळ यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला पंधरा किलोच्या आत. ही लाईन उभारणाऱ्या इंजिनिअर कॅलथ्रॉपसाहेबाचा हिशेबच तसा होता, इंजिन असो की मालडबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही, मग हलका रूळ पुरतो. हाच हलकेपणा पुढे गावाच्या कामी आला. गोठ्याची तुळई, विहिरीवरचं आडवं, पडवीचा खांब, जिथे बघाल तिथे रूळ. रुळाच्या पोटावर कारखान्याची अक्षरं आणि साल उठावात असतं. त्यावर खडू आडवा घासला की गंजातून अक्षरं वर येतात. एका शेतकऱ्यानं तर आमच्यासाठी बैल सोडून बाहेर बांधला, शेणानं लिंपलेली तुळई गोणपाटानं पुसून दिली आणि वर चहा पाजला. आमच्या यादीत तो अनुक्रमांक ४.

अकरा घरं. मालकाचं नाव, रुळाची लांबी, फोटो. बघा किती ऐवज शिल्लक आहे, हे दाखवायला आम्ही ती यादी अर्जाला 'परिशिष्ट ब' म्हणून जोडली आणि एका कार्यालयात दिली. कार्यालयाचं नाव घेत नाही, विचारूही नका. भरावाची जागा कोणाच्या ताब्यात आहे, एवढं एका ओळीत सांगायला या कार्यालयानं चौदा महिने लावले. अर्ज इकडून तिकडे, तिकडून "आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत, मग साहेबांची बदली, मग नव्या साहेबांना पहिल्यापासून कथा. आवक शिक्क्यांनी माझी पोच-प्रत दोन्ही बाजूंनी भरली होती. परिशिष्ट ब मात्र तीन आठवड्यांत पुढे सरकलं. अकरा घरी चौकशीला माणसं गेली.

मी वकील नाही, चुकत असेन तर जाणकारांनी सुधारावं. पण १९६६चा रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याचा कायदा असा आहे की, संशय रास्त असेल तर वस्तू रीतसर मिळवली हे ज्याच्याकडे ती सापडली त्यानंच सिद्ध करायचं. आता त्या लोकांनी रूळ काय चोरले होते? ठेकेदारानं लिलावात भंगार उचललं, जाता जाता चार नग गावात रोखीनं विकले. पावती कोण देतो आणि कोण जपतो? काहींच्या घरात तर रूळ बापाच्या काळापासूनचा. चौकशीनंतरच्या चारही रविवारी आम्ही भरावावर होतो आणि एक माणूस आमच्याकडे फिरकला नाही. पाचव्या रविवारी आमची अवजारं ठेवायची खोली कुलूपबंद मिळाली. कुलूप दुसऱ्याचं.

पुढची दोन वर्षं रेल्वेचं काम शून्य. त्या शेतकऱ्यांना घेऊन कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, लिलावाचे जुने कागद शोधले, जबाब दिले. शेवटी प्रकरण मिटलं. अनुक्रमांक ४ अजून माझ्याशी बोलत नाही. त्याचं बरोबर आहे.

माणसं परत कशी जोडली गेली, तर रेल्वेमुळे नाहीच. भरावाखालची एक मोरी गाळानं बुजली होती आणि पावसाळ्यात वरच्या अंगाच्या चार शेतांत पाणी तुंबायचं. लाईन सुरू होती तेव्हा गँग ती साफ करायची, गाडी गेली आणि कोणाचंच काम राहिलं नाही. हे आम्हाला निवृत्त मुकादमानं सांगितलं. खरं तर आम्ही त्याला पॉइंटची, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या सांध्याची, माहिती विचारायला गेलो होतो. दोन रविवार घमेल्यानं गाळ काढला. दुसऱ्या रविवारी दुपारी न सांगता पिठलं-भाकरी आली. त्यानंतर ग्रामसभेनं शाळेमागच्या गावठाणात जागा द्यायचा ठराव केला. आता तिथे ऐंशी फूट लाईन आहे. सगळे रूळ लिलावातून, पावतीसकट, पावतीची लॅमिनेट प्रत शाळेत टांगलेली. गावातला एकही रूळ नाही, देतो म्हणाले तरी घेतला नाही.

आता पेपर. माझं मत टोकाचं वाटेल, पण पुण्यात पत्रकार परिषद घेऊ नका. "पुणेकर रेल्वे परत आणणार" अशी बातमी तिथे "जमीन जाणार" अशी वाचली जाते. भरावालगत ज्यांनी ज्वारी पेरली आहे त्यांच्या जागी उभं राहून वाचा. यावर कोणी तरी वेल्सचा दाखला देईलच. टॅलिलिन ही जगातली स्वयंसेवकांनी वाचवलेली पहिली रेल्वे, आणि तिची पहिली सभा १९५०मध्ये वेल्सबाहेर, बर्मिंगहॅमला झाली. खरं आहे. पण तिथली गाडी तेव्हाही चालू होती, मालक नुकता वारला होता आणि त्याच्या पत्नीनं साथ दिली म्हणून १९५१ला स्वयंसेवकांची पहिली गाडी निघाली. तुमच्याकडे गाडी नाही, मालक कोण ते कार्यालयाला माहीत नाही. वेल्समधल्याच फेस्टिनिओग रेल्वेचं उदाहरण आपल्याला जास्त लागू. १९५५ला पहिला तुकडा सुरू झाला, दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला १९८२ उजाडलं. मध्ये जलाशयात बुडालेला मार्ग सोडून नवा बांधावा लागला. घरी बायकोला हे आकडे आधीच सांगून ठेवा.

डब्यासाठी माथेरानच्या जुन्या चाकांची चौकशी करताय, ती सोडा. माथेरान दोन फुटी, बार्शी अडीच फुटी, ७६२ मिलिमीटर. आमच्यातल्या एकानं "आस वाढवून घेऊ" म्हणत भोसरीत एका वर्कशॉपला आगाऊ पैसे दिले होते. ते पैसे अजून तिथेच आहेत.

तुमची यादी अजून कुठे दिली नसेल तर नावांचा रकाना खोडून टाका, फोनमधले घरांचे फोटोही काढून टाका. दिली असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, आमच्या वेळी वापरलेल्या जबाबाचा मसुदा माझ्याकडे आहे. तुम्ही लिहिलेल्या टापूत मोऱ्या आहेतच. मुकादम भेटला तर आधी मोऱ्यांबद्दल विचारा. घमेली गावात मिळतात, फावडी मात्र इथून न्या. तिथल्या दुकानातल्या फावड्यांचे दांडे दोन तासांत हलायला लागतात.