वाचकांचे प्रश्न : रिचमंडच्या काँग्रेसचं जर्नल कसं वाचावं?

प्रश्न (पुणे) : अमेरिकन यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या, म्हणजे कॉन्फेडरेट काँग्रेसच्या कामकाजावर एम.ए.चा प्रबंध लिहिते आहे. छापील जर्नलचे सातही खंड मिळाले, पण त्यांत भाषणं नाहीत आणि मतदानाचे आकडे उलगडत नाहीत. सुरुवात कुठून करू?

उत्तर : जर्नलमध्ये भाषणं नसतातच. कोणी काय मांडलं, ते कोणत्या समितीकडे गेलं, कोणी कुठे मत दिलं, एवढीच त्यात नोंद असते. खुल्या बैठकीतल्या भाषणांसाठी दक्षिणेची राजधानी असलेल्या रिचमंडची वर्तमानपत्रं पाहावी लागतील. त्यांतले सारांश सदर्न हिस्टॉरिकल सोसायटीने पुढे विसाव्या शतकात एकत्र छापले, ते जर्नलच्या शेजारी उघडून ठेवा.

अमेरिकी सरकारने १९०४-०५ मध्ये छापलेल्या या संचात पहिला खंड हंगामी काँग्रेसचा, दुसरा ते चौथा सिनेटचा, पाचवा ते सातवा प्रतिनिधिगृहाचा आहे. विधेयकाचा माग काढताना उलटं चालावं. कायद्यावरची तारीख राष्ट्राध्यक्षांच्या सहीची असते, मतदान त्याआधीचं. सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा १६ एप्रिल १८६२चा. तिथून मागे जात तिसरं (मंजुरीआधीचं शेवटचं) वाचन, दुरुस्त्या, समितीचा अहवाल गाठा. २८ मार्चला दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांचा मागणीचा संदेश सापडेल. दोन्ही सभागृहांची विधेयकं वेगवेगळ्या क्रमांकांनी चालतात आणि मे १८६४ मध्ये दुसरी काँग्रेस बसल्यावर क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणून नुसता क्रमांक टिपून ठेवू नका. सभागृह आणि अधिवेशनही लिहा. ‘मंजूर’ दिसलं म्हणून तिथेच थांबूही नका, दुसऱ्या दिवशी पुनर्विचाराचा प्रस्ताव आलेला असू शकतो.

गुप्त बैठका वेगळ्या पाहाव्या लागतात. छापील जर्नलमध्ये त्यांचं कामकाज स्वतंत्र मथळ्याखाली येतं. खुल्या बैठकीत एखादा विषय मध्येच नाहीसा झाला, तर पुढची पानं उलटून तो मथळा शोधा. त्या वेळी बातमीदार बाहेर असत, त्यामुळे वर्तमानपत्रांचा इथे उपयोग नाही. फेब्रुवारी १८६३ मध्ये जॉर्जियाच्या बेंजामिन हिल यांनी अलाबामाच्या विल्यम यान्सी यांच्यावर दौत भिरकावली, तीही सिनेटच्या अशाच बंद बैठकीत.

आता मतदान. हंगामी काँग्रेसमध्ये (फेब्रुवारी १८६१ ते फेब्रुवारी १८६२) प्रत्येक राज्याला एकच मत होतं. सदस्यांची नावं मोजून बेरीज केली तर निकाल हमखास चुकतो. आधी राज्यातल्या सदस्यांचं बहुमत काढा, मग राज्यं मोजा. समसमान झालं तर त्या राज्याचं मत कुठेच धरत नाहीत. पुढच्या दोन काँग्रेसमध्ये मत सदस्यागणिक आहे, पण तिथे दुसरी अडचण येते. सरकारी खात्याने राष्ट्राध्यक्षांमार्फत न मागितलेल्या खर्चाला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागत (काँग्रेसचा स्वतःचा खर्च आणि सरकारवरची सिद्ध झालेली देणी एवढेच अपवाद). त्यामुळे ‘हो’ जास्त असूनही प्रस्ताव पडलेला दिसेल. ती छपाईची चूक समजू नका. अशा खर्चावरच्या मतदानात नावं नोंदावीच लागत; एरवी सहसा हजर सदस्यांपैकी एक पंचमांश जणांनी मागणी केली तरच. बाकी आवाजी मतदान, त्यात कोण कुठे होतं हे जर्नल सांगू शकत नाही.

नावांची यादी मिळाली की प्रत्येकापुढे त्याचा मतदारसंघ तेव्हा कोणाच्या ताब्यात होता ते लिहा. एवढी मेहनत घ्याच, प्रबंधाचं खरं धन इथे आहे. केंटकीचे बारा आणि मिझुरीचे सात प्रतिनिधी प्रतिनिधिगृहात बसत, पण युद्धाच्या बहुतेक काळात त्या राज्यांवर रिचमंडचा अंमल नव्हता. सैन्यभरती आणि करांचे कायदे त्यांच्या मतदारांना लागूच होणार नव्हते. अशा सदस्यांचा कल कडक उपायांकडे का होता, ते यातून कळतं.

नुसत्या नावांवर मात्र विसंबू नका. मार्च १८६५ मध्ये गुलामांना सैन्यात घेण्याचं विधेयक सिनेटने ९ विरुद्ध ८ मतांनी मंजूर केलं. व्हर्जिनियाच्या आर. एम. टी. हंटर यांचं नाव ‘हो’मध्ये आहे, पण भाषण त्यांनी विरोधात केलं होतं. राज्याच्या विधिमंडळाचा आदेश होता म्हणून मत दिलं. आणि कायद्याचं शेवटचं कलम वाचल्याशिवाय त्याला मुक्तीचा कायदा म्हणू नका. मालकाच्या आणि राज्याच्या संमतीशिवाय गुलामाचा दर्जा बदलणार नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. लढायला बोलावलेल्या माणसाला स्वातंत्र्याचं वचनही या काँग्रेसने दिलं नाही, हे प्रबंधात यायलाच हवं.

प्रश्न (अमरावती) : या काँग्रेसने कापसाची निर्यात बंद केली आणि त्यामुळे मुंबईत पैशांचा पूर आला, असं वाचलं. तो ठराव कोणत्या तारखेला सापडेल?

उत्तर : सापडणार नाही, कारण सरसकट निर्यातबंदीचा कायदा झालाच नाही. २१ मे १८६१ चा कायदा कापूस फक्त दक्षिणेच्या बंदरांतून पाठवावा असं सांगतो, मेक्सिकोच्या सरहद्दीची सूट ठेवून. हेतू हा की माल उत्तरेत जाऊ नये. कापूस अडवला तो मळेवाल्यांनी आणि स्थानिक समित्यांनी, इंग्लंडवर दबाव यावा म्हणून. उत्तरेचे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी १९ एप्रिललाच दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली होती, ती पुढे घट्ट होत गेली. इंग्लंडमधल्या लँकशायरच्या कापडगिरण्या आपल्याकडच्या कापसाकडे वळल्या, भाव चढले आणि मुंबईत बॅक बेसारख्या, समुद्रात भराव घालून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांचा सट्टा माजला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. या काँग्रेसची शेवटची बैठक त्याच वर्षी १८ मार्चला झाली.