१९९०च्या दशकात वर्तमानपत्रं यूझनेट या चर्चागटांच्या जाळ्यावरच्या चित्रविचित्र ग्रुपांबद्दल छापायची, ते कितपत खरं होतं?

नावं खरी होती, चित्र खोटं होतं. ऑल्ट.स्वीडिश.शेफ.बोर्क.बोर्क.बोर्क होता, ऑल्ट.बार्नी.डायनासोर.डाय.डाय.डायसुद्धा होता. पण कॉम्प (संगणक), रेक (छंद-करमणूक), सॉक (समाज) अशा मुख्य शाखांमध्ये नवा ग्रुप काढायचा तर आधी चर्चा, मग मतदान. विरोधापेक्षा १०० मतं जास्त आणि दोनतृतीयांश होकार मिळाला तरच ग्रुप. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ऑल्ट या शाखेला मतदानाची अट नव्हती. त्यामुळे तिथले कित्येक ग्रुप नावाच्या गमतीपुरतेच निघाले, आत कुणी फिरकत नसे. पत्रकारांना मथळ्यासाठी तेवढं पुरायचं.

आम्हीही त्यात सापडलो. मी तेव्हा अमेरिकेत शिकत होतो आणि रेक.म्युझिक.इंडियन.मिस्कवर, म्हणजे आमच्या आरएमआयएमवर, पडीक असायचो. तिथे लोक जुनी हिंदी गाणी आठवून टाइप करत. एकाने मुखडा द्यायचा, दुसऱ्याने चुकलेला उर्दू शब्द सुधारायचा, तिसऱ्याने गीतकार, संगीतकार आणि साल सांगायचं. अविनाश चोपड्यांच्या आयट्रान्स या सॉफ्टवेअरमुळे रोमनमध्ये लिहिलेलं तेच गाणं देवनागरीत छापता यायचं. गावातल्या पेपरचा वार्ताहर आला, तेव्हा मी त्याला हे सगळं लॅबमध्ये शेजारी बसवून दाखवलं. 'महल'च्या (१९४९) रेकॉर्डवर लताबाईंच्या जागी पात्राचं नाव, 'कामिनी', छापलं होतं. अशा नोंदी आम्ही का जपतो, तेही सांगितलं. त्याने सगळं वहीत उतरवून घेतलं. रविवारी चौकट आली: बार्नी, तो शेफ, आणि मेलेल्या गायकांवरून भांडणारे भारतीय. गाणी उतरवून ठेवण्याबद्दल एक अक्षर नाही.

ते कात्रण पुण्याला घरी पोचलं. दादाचं तेव्हापासून एकच पालुपद, शिकायला पाठवला आणि हा तिकडे टाइमपास करत होता, पेपरवाले काय उगाच लिहितात?

उगाच लिहितात, दादा. ३ जुलै १९९५च्या 'टाइम'ने मुखपृष्ठावर सायबरपॉर्न छापलं. त्यात एका अभ्यासातून घेतलेला, ८३.५ टक्के चित्रं अश्लील असल्याचा आकडा चित्रं ठेवणाऱ्या यूझनेट ग्रुपांपुरता होता, लोकांच्या डोक्यात मात्र अख्खं इंटरनेट बसलं. संशोधकांनी त्या अभ्यासाच्या चिंधड्या उडवल्यावर काही आठवड्यांत 'टाइम'लाच त्यातल्या त्रुटी छापाव्या लागल्या.

तुम्हाला खरंच अभ्यास करायचा असेल तर कात्रणं बाजूला ठेवा. यूझनेटच्या पोस्ट साठवणाऱ्या डेजान्यूजचा साठा २००१ मध्ये गूगलने घेतला, जुन्या पोस्ट अजून वाचता येतात. एकच ग्रुप घ्या आणि त्याचा सलग महिनाभराचा मजकूर वाचा.

सगळेच पत्रकार तसे नव्हते, हे मान्य. एप्रिल १९९४ मध्ये दोन वकिलांनी हजारो ग्रुपांवर ग्रीनकार्डची जाहिरात टाकली, ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सने वेळेवर दिली होती. आणि सॉक.कल्चर.इंडियनवरच्या शिवीगाळीबद्दल कुणी वाईट लिहिलं असेल तर ते योग्यच. पण आरएमआयएम टाइमपास नव्हता. दादा आज मोबाइलवर ज्या गाण्यांचे शब्द शोधतो, त्यांतली काही आमच्याच लोकांनी रात्री जागून टाइप केली आहेत.