‘क्लिनिक नको, शिकवायचंय’

प्रश्न : मी वाचा व भाषा उपचार या विषयात पदव्युत्तरच्या शेवटच्या वर्षाला आहे. पदवीला ऑडिओलॉजीही (श्रवणशास्त्र) होतं. थिअरीत कायम वरचे मार्क. ज्युनिअर्सना समजावून सांगायला मनापासून आवडतं. परीक्षेच्या आदल्या रात्री अर्धा वर्ग माझ्या खोलीत असतो. पण क्लिनिकचं पोस्टिंग आलं की सकाळी उठवत नाही. तेच चित्र, तोच शब्द, पन्नास वेळा. मूल बोलत नाही, पालक माझ्या तोंडाकडे बघत बसतात आणि मला वाटतं, आपण यांना फसवतोय. म्हणून थेट पीएचडी करून विद्यापीठात शिकवायचं ठरवते आहे. घरचे म्हणतात, आधी नोकरी कर. कुणाचं ऐकू?
– सायली

प्रिय सायली,

घरच्यांचं ऐक. त्यांच्या डोक्यात बहुतेक पगार असेल, माझ्या डोक्यात वेगळं कारण आहे, पण सल्ला तोच.

तुझ्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक, शिकवण्याची आवड. ती खरी वाटते. आवड नसेल तर कुणी परीक्षेच्या आदल्या रात्री खोलीत वर्ग भरवत नाही. दुसरी, क्लिनिकपासून सुटका. तिथे तुझा हिशेब चुकतोय. तू ज्या दारातून बाहेर पडू बघतेस, ते दार पुन्हा क्लिनिकमध्येच उघडतं.

समुपदेशनाकडे वळण्याआधी मी सोळा वर्षं अशाच एका विभागात शिकवत होते. आमच्या शाखेतल्या प्राध्यापकाचं वेळापत्रक बघितलंस तर व्याख्यानं मूठभर दिसतील. बाकी दिवस एकतर्फी काचेमागे, थेरपीच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर किंवा ऑडिओमीटर या श्रवण मोजणाऱ्या यंत्राशेजारी जातो. अमेरिकेत वाचा-भाषातज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्र मिळवायला विद्यार्थ्याला क्लिनिकचे 400 तास भरावे लागतात. त्यातले 25 निरीक्षणाचे, उरलेले 375 प्रत्यक्ष कामाचे. इतर देशांत आकडे वेगळे, पण पद्धत हीच. प्रत्येक मिनिटाला सुपरव्हायझर शेजारी बसलेला नसतो, हे खरं. तरी प्रत्येक तासाखाली कुणा ना कुणाची सही असते. वर्गात अशा पंचवीस-तीस जणी. गुणाकार तू कर.

आणि त्या खुर्चीत बसून नेमकं काय करायचं असतं? एक दुपार सांगते.

पन्नाशीचे एक गृहस्थ तपासणीला आले होते. उजवा कान उत्तम, डावा लहानपणी गालगुंड होऊन गेलेला, पूर्ण बंद. विद्यार्थिनीनं चाचणी केली आणि ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, माझ्यापुढे ठेवला. डाव्या कानाच्या खुणा साठ डेसिबलच्या आसपास, उजव्या कानाच्या रेषेला समांतर, जणू तिची सावलीच. खाली निष्कर्ष लिहिला होता आणि श्रवणयंत्राची शिफारससुद्धा. चांगल्या कानात मास्किंगचा आवाज, म्हणजे त्याला गुंतवून ठेवणारा घोंघाट, द्यायचा राहून गेला होता. तिला मास्किंग येत नव्हतं असं अजिबात नाही. लेखी परीक्षेत त्याच प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी होते; पेपर मीच तपासला होता.

‘मास्किंग राहिलं’ एवढं म्हणाले असते तर दहा सेकंदांत काम झालं असतं. मी विचारलं, ‘‘हा साठ डेसिबलचा आवाज त्यांनी कोणत्या कानानं ऐकला?’’

‘‘डाव्या. हेडफोन डावीकडे होता ना.’’ मग ती गप्प झाली. मीही गप्प. काचेपलीकडे ते गृहस्थ घड्याळाकडे बघत होते, आणि माझी जीभ दातांमागे वळवळत होती. मिनिटभरानं ती पुटपुटली, ‘‘कवटी...’’ आणि उठून बूथकडे गेली. उजव्या कानात घोंघाट सोडल्यावर डाव्या कानानं मशीनच्या शेवटच्या आकड्यापर्यंत दाद दिली नाही. आवाज कवटीतून पलीकडे जाऊन चांगला कानच ऐकत होता, आणि आम्ही एका बहिऱ्या कानाला यंत्र लावायला निघालो होतो.

ते एक मिनिट म्हणजे ही नोकरी. व्याख्यान कुणीही देतं. (पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांचे फोटो स्लाइडवर चिकटवले की व्याख्यान झालं, असं मानणारेही आहेत. त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी.) रुग्ण समोर बसलेला, वेळ चाललेला, उत्तर आपल्याला माहीत, आणि तरीही तोंड बंद ठेवायचं. पण कधी तोंड बंद ठेवायचं आणि कधी ताडकन उठून मध्ये पडायचं, हे ज्याला कळतं तोच इथे शिकवू शकतो. आवाज पलीकडे गेला तर मिनिटभर थांबता येतं. विद्यार्थी गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाला चमच्यानं पाणी पाजतोय आणि त्याचा आवाज ओला, घरघरता यायला लागला, म्हणजे पाणी श्वासनलिकेकडे जात असण्याची शक्यता दिसली, तर एक सेकंदही थांबायचं नसतं. हा फरक पुस्तकात एका ओळीत लिहिलेला असतो. हातात यायला शेकडो रुग्ण पाहावे लागतात.

आता तुला ओळखीचं वाटेल असं काही. अफेझियाच्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा हरवलेल्या, रुग्णापुढे कंगव्याचं चित्र धरलंस की काय होतं? त्यांना वस्तू कळलेली असते. हात केसांकडे जातो, ओठ हलतात, शब्द येत नाही. नवखी थेरपिस्ट दोन-तीन सेकंदांत कासावीस होऊन स्वतःच ‘कंगवा’ म्हणून टाकते. काचेमागे बसून मी मनात दहा आकडे मोजायचे. बरेचदा सात-आठला शब्द यायचा, पण तोवर मुलीनं तो देऊन टाकलेला असायचा. नवखा सुपरव्हायझरही विद्यार्थ्याशी नेमकं हेच करतो. रात्री ज्युनिअर्सना शिकवताना तूही हेच करत असशील, कारण परीक्षेच्या आदल्या रात्री उत्तर देऊन टाकायचंच असतं. तिथली तुझी हातोटी इथे थोडी उलटी वापरावी लागेल.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या जीन अँडरसन यांनी 1988 मध्ये या देखरेखीची एक मांडणी केली. सुरुवातीला सुपरव्हायझर सांगतो आणि विद्यार्थी करतो, मग दोघं मिळून ठरवतात, आणि शेवटी विद्यार्थी स्वतःच स्वतःवर नजर ठेवायला लागतो. वाचायला सोपं आहे. अडचण अशी की बरेच शिक्षक पहिल्या पायरीवर घर बांधून राहतात, कारण तिथे आपण हुशार दिसतो.

तुझ्या ‘फसवतोय’ या शब्दावर मी बराच वेळ थांबले. विद्यार्थी असताना जवळजवळ सगळ्यांना हे वाटतं, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. पोस्टिंग काही आठवड्यांचं. मूल तुझ्याकडे येतं तेव्हा थेरपी आधीच चालू असते, आणि ते बोलायला लागतं तेव्हा तू पुढच्या पोस्टिंगवर गेलेली असतेस. गोष्टीची फक्त मधली पानं तुझ्या वाट्याला आली आहेत. दोन-तीन वर्षं पूर्ण वेळ काम केलंस तर एखादं मूल पहिल्या तपासणीपासून, श्रवणयंत्र किंवा कानाच्या आतलं इम्प्लांट बसल्यापासून, पहिल्यांदा आवाजाच्या दिशेनं मान वळवण्यापासून ते भांडताना पूर्ण वाक्य फेकण्यापर्यंत तुझ्या डोळ्यांसमोर जाईल. काही मुलं फार पुढे जाणार नाहीत. तीही पाहायला हवीत. उद्या वर्गात एखादी सायली ‘मी यांना फसवतेय का?’ असं विचारेल, तेव्हा तिला द्यायला तुझ्याजवळ पुस्तकाबाहेरचं काहीतरी असलं पाहिजे.

आणि तीन वर्षांनीही क्लिनिक नकोसंच वाटलं तर? तर ते प्रामाणिकपणे मान्य कर. शाखेत दुसऱ्या जागा आहेत. ध्वनिशास्त्र, श्रवणाचं मानसशास्त्र, यंत्रांमागचं सिग्नल प्रोसेसिंग. आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीत ध्वनीची लाट कशी पुढे सरकते हे दाखवणारे गेऑर्ग फॉन बेकेशी भौतिकशास्त्रज्ञ होते. हंगेरीच्या टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करत होते, आणि 1961 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल घेऊन गेले. या विषयांनाही विद्यापीठात शिक्षक लागतात. मात्र मग जाहिरात वाचताना ‘क्लिनिकल सुपरव्हिजन’ हे शब्द कुठे आहेत ते आधी शोध.

पीएचडी हवीच, त्यात वाद नाही. फक्त कोणती डॉक्टरेट ते नीट बघ. अमेरिकेत ऑडिओलॉजिस्ट होण्यासाठीच आता क्लिनिकल डॉक्टरेट लागते, पण ती रुग्ण तपासायला तयार करते, संशोधनाला नव्हे. विद्यापीठातल्या कायम, संशोधनाच्या पदाला बहुतेक ठिकाणी संशोधनाची पीएचडीच विचारतात. नावापुढचं ‘डॉक्टर’ दोन्हीकडे सारखंच दिसतं, म्हणून मुलं फसतात.

विद्यापीठाचं नाव बघू नकोस, गाईड बघ. मी हे सगळ्यांनाच सांगते, पण आपल्या शाखेत त्याला एक काळा इतिहास आहे. वाचा-विकारांचा अभ्यास विद्यापीठात रुजला तो 1920 च्या दशकात, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात. वेंडेल जॉन्सन तिथे आले ते स्वतः अडखळत बोलणारे विद्यार्थी म्हणून, आणि पुढे तिथलेच नामवंत प्राध्यापक झाले. मुलाच्या साध्या अडखळण्याला मोठ्यांनी ‘दोष’ म्हटलं की दोष पक्का होतो, असा त्यांचा विचार होता. 1939 मध्ये त्यांच्या हाताखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीनं पदव्युत्तर प्रबंधासाठी अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर प्रयोग केला. त्यातल्या काही व्यवस्थित बोलणाऱ्या मुलांना ‘तुमचं बोलणं बिघडलंय’ असं सांगत राहिले. मुलं गप्प गप्प झाली, बोलायला घाबरू लागली. ट्यूडर नंतर आपणहून परत गेली, झालेलं नुकसान भरून काढायचा प्रयत्न केला. प्रबंध ग्रंथालयात पडून राहिला. 2001 मध्ये वर्तमानपत्रातून प्रकरण बाहेर आलं आणि विद्यापीठानं माफी मागितली.

आज एथिक्स कमिटी असा प्रयोग दारातच अडवेल. पण मला यात नेहमी ती विद्यार्थिनी दिसते. कल्पना गाईडची, हात तिचे. म्हणून गाईड ठरवण्याआधी त्यांच्या जुन्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी एकट्यात बोल. शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं असतं, गाईडच्या मताविरुद्ध निकाल आला तेव्हा काय झालं, आणि सध्या त्यांच्याकडे किती जण नोंदलेले आहेत, हे विचार. दुसऱ्या प्रश्नाला जो माणूस जरा थांबून उत्तर देतो, त्याचं उत्तर लक्षपूर्वक ऐक.

पगाराचं थोडक्यात : ज्याची स्वतःची प्रॅक्टिस जोरात चालते त्याच्याइतकं इथे सहसा मिळत नाही. वेळ मात्र बराच जातो, आणि त्यात अहवाल, मान्यता समितीची कागदपत्रं, प्रबंधांच्या दुरुस्त्या हे सगळं येतं. वाचन थांबवता येत नाही, ते वेगळंच. कान स्वतः आवाज बाहेर टाकतो हे डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये दाखवलं. आज नवजात बाळांची श्रवणचाचणी बरेचदा त्यावर होते. त्याआधी शिकलेल्या शिक्षकांना हे सगळं मध्येच शिकून घेऊन शिकवावं लागलं. तुझ्याही वाट्याला असं काहीतरी येणारच.

सध्या एवढंच कर. तुमच्या सुपरव्हायझर बाईंची आणि त्या वेळच्या रुग्णाची परवानगी घेऊन आठवडाभर रोज एक तास काचेमागे त्यांच्या शेजारी बस. ज्युनिअर थेरपी देत असेल तेव्हा ‘आता मी बोलले असते’ असं ज्या ज्या क्षणी वाटेल, ती वेळ वहीत लिही. शेजारी दुसऱ्या रकान्यात बाई खरंच कधी बोलल्या ते लिही. आठवड्यानंतर ती वही घेऊन त्यांच्याकडे जा आणि ज्या ठिकाणी तू बोलली असतीस पण त्या गप्प राहिल्या, तिथे त्या का थांबल्या ते विचार. दोन्ही रकान्यांत काय निघालं ते मला कळव. पीएचडीच्या अर्जाचं आपण त्यानंतर बोलू.